गल्लीतले बिऱ्हाड

काशीस जायचे ठरले तेव्हा मुक्काम कुठे करायचा, यावर घरात दोन दिवस खल झाला. मुलगा म्हणे, स्टेशनाजवळचे लिफ्टचे हॉटेल बरे. मी मात्र ब्रह्माघाटाकडच्या जुन्या मराठी वस्तीचा हट्ट धरला. पंचगंगा घाट तिथून लगतच. नाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीतच पुरे केले. त्या गावी जाऊन हॉटेलात काय राहायचे?

रिक्षा चौकातच थांबली. पुढच्या अरुंद, फरसबंदीच्या गल्लीत शिरलो, आणि माझा हट्ट आईच्या गुडघ्यांना किती महाग पडणार ते उमगले. दर दहा पावलांवर ती भिंतीला हात टेकी. जिना तर छातीवर यावा असा उभा. आई काही बोलली नाही. माझीच मान खाली गेली.

तिकडचा कार्तिक आपल्या कोजागरीनंतर लगेच लागतो. संध्याकाळी पंचगंगेवर उंच वेळूंच्या टोकांना दिव्यांच्या करंड्या चढू लागल्या. पितरांची वाट उजळणारे ते आकाशदिवे! घाटाच्या पायऱ्या आईला उतरवल्या नसत्या. पण आमच्या खिडकीतून दिवे दिसत होते. गजांना धरून ती कितीतरी वेळ उभी होती.

"यातला एक तुझ्या वडिलांचा समज," ती म्हणाली. "हॉटेलातून दिसला असता का रे?"

माझे प्रायश्चित्त तिने असे स्वस्तात उरकले. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मात्र तिचा हात मी सोडला नाही.