गोणताट

रंगानं काळं, अंगानं खरबरीत, स्वभावानं टोचरं. आपली घोंगडीही टोचते, पण ऊब देऊन भरपाई करते. बकरीच्या केसांच्या या कापडाकडं तेवढंही औदार्य नाही. हिब्रूत त्याचं नाव ‘सक’, आणि धान्याच्या पोत्यालाही हेच नाव. एरवी गाढवाच्या पाठीवरून धान्य वाहायचं आणि घरावर आकांत कोसळला की माणसाच्या कमरेला बसायचं, अशी त्याची दुहेरी चाकरी.

बायबलमध्ये त्याचं दुःखाशी जुनं नातं. आपल्या मुलाला, योसेफाला, श्वापदानं खाल्लं असं समजून याकोबानं तेच कमरेला गुंडाळलं. रिस्पा नावाच्या आईनं तर ते खडकावर अंथरलं. शौल राजाच्या अपराधाची भरपाई म्हणून तिच्या दोन मुलांचा बळी गेला होता. कापणीच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत ती तिथं बसून राहिली. दिवसा पाखरांना, रात्री श्वापदांना मुलांच्या प्रेतांजवळ फिरकू दिलं नाही. शेवटी दावीद राजाला त्या हाडांना मूठमाती द्यावी लागली.

राजांकडं मात्र त्याला वेगळेच अनुभव आले. अहाब राजाच्या राणीनं, ईजबेलनं, खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाचा जीव घेतला आणि अहाबानं त्याचा द्राक्षमळा बळकावला. एलीया संदेष्ट्यानं देवाचा निवाडा ऐकवताच राजा वरमला, कपडे फाडून गोणताट पांघरू लागला. देवानं शिक्षा पुढं ढकलली, अहाबाच्या मुलाच्या कारकिर्दीपर्यंत. ढकलली, माफ केली नाही. आणि मळा नाबोथाच्या घरी परत गेल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

दुसरा राजा शोमरोन शहराच्या तटावरून चालला होता. बाहेर शत्रूचा वेढा, आत उपासमार. एका बाईची कहाणी ऐकून त्यानं झगा फाडला, तेव्हा लोकांना दिसलं, आत अंगाला लागून गोणताट आहे! पुढच्याच क्षणी त्यानं संदेष्टा अलीशाचं डोकं उडवायची शपथ घेतली. इतक्या जवळ राहूनही गोणताट त्या माणसाच्या आत काही उतरलं नव्हतं.

म्हणून संदेष्टे गोणताटाकडं जरा संशयानंच बघतात. कपडे कसले फाडता, काळीज फाडा, असं योएलाचं सांगणं. गोणताट अंथरून राखेत बसायचं आणि त्याच दिवशी मजुरांना पिळून काढायचं, याला उपास म्हणायचं का, असा यशयाचा सवाल.

गोणताटाचा सगळ्यात मोठा दिवस उगवला परक्या मुलखात, तैग्रिसकाठच्या निनवे शहरात. चाळीस दिवसांत शहर उलथणार, असं संदेष्टा योना ओरडत गेला. राजा सिंहासनावरून उतरला, राजवस्त्र टाकलं, राखेत बसला. माणसांना गोणताट, गुराढोरांनाही गोणताट! पण त्याच फर्मानात आणखी एक कलम होतं: प्रत्येकानं आपल्या हातचा जुलूम सोडावा. हिब्रूत याला ‘शूव’ म्हणतात, म्हणजे मागं फिरणं. पश्चात्तापाचा ‘तशुवा’ हा शब्द त्यातूनच आला. शहर वाचलं, योना मात्र रुसून बसला.

वाचलं कशामुळं? इसवी सन 200 च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात याचं उत्तर आहे. अवर्षणात सामुदायिक उपास धरला की एक वडीलधारा माणूस लोकांना बजावायचा: देवानं निनवेकरांचं गोणताट पाहिलं असं लिहिलेलं नाही, त्यांची करणी पाहिली असं लिहिलंय.

आजही योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी सिनेगॉगमध्ये योनाची गोष्ट वाचतात. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी पूर्वी हा दिवस दारं लावून, कडक उपास करून पाळायचे. या दिवशी पांढरे कपडे घालायची रीत आहे; गोणताट उरलंय ते फक्त गोष्टीत.

त्याबद्दल त्याची तक्रार नसावी. यशयानं खरा उपास कोणता तेही सांगून ठेवलंय: जुलमाच्या बेड्या तोडा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या. कमरेचं गोणताट सोडलं की त्याचं पुन्हा पोतंच होतं. त्यात धान्य भरून ते कुणाच्या दारात उतरवायचं, एवढंच मग नेसणाऱ्यानं ठरवायचं.