चाक वाजवून बघताना

सुरी बोथट झाली की आपण ती दगडावर घासतो. पण त्या दगडाला धार कोण लावतं? मेकॅनिकलची डिग्री घेऊन कॅम्पसमधूनच सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न पडायचं काही कारण नव्हतं. पण वर्क फ्रॉम होमच्या काळात महिनाभर कोल्हापुरात मामाकडे राहिलो आणि तो पडला. मामाचं फॅब्रिकेशनचं काम आहे : गेट, ग्रिल, जिने, पत्र्याच्या शेडचे सांगाडे. मीटिंगा संपल्या की मी शेडमध्ये जाऊन बसायचो.

अँगल कापायची चार इंची चकती म्हणजे हजारो बारीक दातांचं पातंच. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे टोकदार कण राळेत घट्ट बसवलेले आणि आत काचतंतूंची जाळी. कण बोथट झाला की त्याच्यावरचा जोर वाढतो. मग तो फुटतो किंवा निखळून पडतो आणि मागचा ताजा कण पुढे येतो. चकती झिजते, म्हणूनच कापते.

छिन्नी आणि ड्रिल पाजवायचं बेंच ग्राइंडरचं चाकही असंच चालतं. त्यावर 'ए ४६ के ५ व्ही' असं काहीतरी छापलेलं असतं. ४६ म्हणजे कणाची जाडी आणि के म्हणजे कणांना धरून ठेवणारी पकड. ए ही सगळ्यात सैल, झेड सगळ्यात घट्ट. कडक धातूला सैल पकडीचं चाक लागतं, कारण त्यावर कण लवकर बोथटतात आणि ते सुटायला हवेत. सुटले नाहीत तर चाक काचेसारखं चमकायला लागतं. मग ते कापत नाही, नुसतं तापवतं. छिन्नीचं टोक निळं पडलं, की समजायचं तिचं पाणी उतरलं. अशा चाकावर ॲल्युमिनियम घासलं तर वेगळीच भानगड होते. मऊ धातू कणांमधल्या फटींत जाऊन बसतो.

दोन्हींवर इलाज एकच, ड्रेसिंग. मामा दातेरी चकत्यांचा ड्रेसर टेकूवर ठेवतो आणि फिरत्या चाकावर दाबून या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश नेतो. वरचा थर झडतो आणि खाली पुन्हा खरखरीत, नवं चाक.

नवीन चाक बसवण्याआधी मात्र ते वाजवून बघायचं असतं. भोकात बोट घालून चाक लटकवायचं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारायची. 'टण्ण' वाजलं तर चाक चांगलं. 'थप्प' वाजलं तर आत तडा आहे, थेट भंगारात. मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेणारं तडकलेलं चाक फुटलं, तर समोरच्या माणसाचं काय होईल हे सांगायला नको. राळेच्या कापायच्या चकतीला ही परीक्षा चालत नाही, ती वाजतच नाही.

मामाने चाक वाजवलं आणि माझ्याकडे बघितलं. "कसं वाजतंय रे?"

मला वाटलं, शिकवतोय. दुसऱ्या चाकालाही तेच विचारलं. तिसऱ्याला विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला ऐकूच येत नव्हतं.

तीस वर्षं रोज ग्राइंडर. त्याचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांची मर्यादा ९० डेसिबलची आहे. मामाचा बंदोबस्त काय, तर कानात कापसाचे बोळे. अशा गोंगाटात बारीक, उंच आवाज आधी जातात. बोलणं बरीच वर्षं ऐकू येत राहतं, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. मामीला वाटायचं, हा मुद्दाम दुर्लक्ष करतो. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी मरतात, त्या परत येत नाहीत. त्यांच्या मागे ताजा थर नसतो.

मी दोन इअरमफ आणले. मामाचा बहुतेक वेळ गळ्यातच असतो. "आता काय राखायचंय?" म्हणतो. पण हाताखालच्या पोराने मफ न लावता ग्राइंडर उचलला, की त्याच्यावर असा ओरडतो की शेजारच्या शेडमधले लोक डोकावतात.

हल्ली नवीन चाक आलं की तो त्या पोराला हाक मारतो. पोरगा मफ काढतो, चाक लटकवतो, टिचकी मारतो. मामा चाकाकडे बघतच नाही. तो पोराच्या चेहऱ्याकडे बघत असतो.