जीपची उंच नळी

ओढ्यापलीकडच्या वाड्या-वस्त्यांवर जीपने हिंडता हिंडता माझी नोकरी सरत आली. माझ्या जीपला पुढच्या काचेच्या कडेने टपापर्यंत नळी बसवली आहे. तिला स्नॉर्केल म्हणतात. बॉनेटखालून घ्यायची हवा इंजिन टपाच्या उंचीवरून घेते. हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. ते सिलिंडरात शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून नळीचा प्रत्येक सांधा हवाबंद करून घ्या. एअर फिल्टरपुढची क्लिप ढिली राहिली, तर धूळही थेट इंजिनात जाते. मात्र नळीने इंजिन वाचते, वाहून जाणारी गाडी नव्हे. पुलावरून पाणी वाहताना मी अलीकडेच थांबतो. उशीर झालेला घरच्यांना चालतो.