पिलांचे बिऱ्हाड

मध्यमवर्गीय घरात पोपट शोभतो, फार तर माशांची काचपेटी शोभते. कोंबडी शोभत नाही. शाकाहारी शेजारी नाक मुरडतात आणि मांसाहारी शेजाऱ्यांना तिच्याकडे पाहून मसाला आठवतो. तरीही गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एका दिवसाची बारा पिले नाशिकच्या घरी आणली. मागे थोडे अंगण होते, निवृत्तीनंतर मला वेळ होता आणि आईला विरंगुळा हवा होता.

आई ८४ वर्षांची. वडील गेल्यापासून तिला रात्री झोप नाही. घरात वारा सर्वांत कमी तिच्या खोलीत, म्हणून पिलांचे पहिले बिऱ्हाड तिच्या पलंगाशेजारी पडले. लाकडी खोक्यात भाताचे तूस पसरले. (नुसते वर्तमानपत्र घालू नये, गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय फाकतात आणि ती अधू होतात.) वर दिवा टांगायचा होता, पण घरातले सगळे दिवे आता एलईडीचे. ते उजेड देतात, वीज वाचवतात, ऊब मात्र देत नाहीत. साठ वॅटचा जुना तारेचा दिवा शोधत मी पाच दुकाने पालथी घातली. अखेर एकाने "आता कोण घेतं हो हे?" म्हणत माळ्यावरून दोन काढून दिले.

पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती उतरवत न्यायची. मी तापमापक आणला. आईने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती खोक्यात डोकावे आणि सांगे, "दिवा वर घे, उकडतंय त्यांना." पिले दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढली की गारठा, कडेला चिकटून चोच वासून बसली की उकाडा, सगळीकडे विखुरून टिपत असली की ठीक. तिचे बालपण कोकणातले. "खुडूक कोंबडीच्या पोटाखाली कुणी तापमापक ठेवला होता?" असे तिने मला विचारले. यावर उत्तर नव्हते.

बारातले एक पिलू तिसऱ्या दिवशी गेले. उरलेल्या अकरांना सातव्या दिवशी मानमोडीची लस डोळ्यांत थेंब टाकून दिली. या रोगाचे दुसरे नाव राणीखेत. कुमाऊँच्या डोंगरातल्या एवढ्या देखण्या गावाचे नाव कोंबड्यांच्या साथीला चिकटावे, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आणि आई झोपू लागली! रात्रभर ती चिवचिव कानाशी असे, आणि तिला पहाटेपर्यंत जाग येत नसे. पण पिसे फुटू लागली तसा खोलीत बारीक, पांढरा कोंडा उडू लागला आणि तिला खोकला जडला. डॉक्टरांनी सांगितले, पिले खोलीबाहेर काढा. आई म्हणाली, डॉक्टरांना काय कळतंय. खोके जिन्याखाली हलवावे असे आमच्या सौ.ने सुचवले. खोके हलवले, त्या रात्री आईने आपली उशीही जिन्याखाली नेली. खोके परत आले.

सहा आठवडे पुरे झाले ते नेमके वसुबारसेला. अंगभर पिसे आली होती, दिवा आठ दिवस बंदच होता, खुराडेही तयार होते: जमिनीपासून दोन फूट उंच, अर्ध्या इंचाच्या घट्ट जाळीचे. साधी मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही, आणि आमच्या कुंपणाखाली मुंगूस राहते. हवेसाठी झरोका अगदी छपराखाली ठेवला. कोरड्या थंडीपेक्षा कोंदट ओल पिलांना अधिक बाधते. अंगावर थेट झोत मात्र येता कामा नये, म्हणून खाली गोणपाट. पण फटाक्यांच्या दणदणाटात त्यांना बाहेर कसे काढणार? भाऊबीज होईपर्यंत थांबलो. आई पाच दिवस खोकली आणि पाच रात्री झोपली.

"अंधारात हलव," ती म्हणाली. "रात्री त्यांना दिसत नाही, धरायला त्रास देत नाहीत." तसेच झाले. अंगणात खुर्ची टाकून ती बसली आणि डालग्यातले एकेक पिलू मी तिच्या हातावरून आत सोडले. दांडीवर एकही बसेना. सगळी कोपऱ्यात ढीग करून ओरडू लागली. मी एकेकाला उचलून दांडीवर ठेवावे आणि त्याने उडी टाकून ढिगात शिरावे, असे रात्री अकरापर्यंत चालले. मग आवाज थांबला. आठवडाभर त्यांना कोंडूनच ठेवले, म्हणजे घर कुठले ते त्यांना कळावे. आठव्या दिवशी दार उघडले, तर सांजावताच अकराही आपण होऊन आत गेली.

आईचा खोकला गेला. झोपही गेली. तिने पलंग खिडकीशी सरकवून घेतला. रात्री दोनच्या सुमारास हाक येई, "अरे, कडी घातलीस ना?" मी टॉर्च घेऊन अंगणात जाई, अकरा मोजी, आणि परत येऊन तिला आकडा सांगे.