खडकीचे पाणी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव. खाण असते तेथे पोटासाठी दूरदूरची माणसे येतात. कोणी खाणीत उतरतो, कोणी हिशेब लिहितो, कोणी किराण्याचे दुकान मांडतो. घर सोडून आलेल्या माणसाचे पहिले प्रश्न सर्वत्र सारखेच असतात : प्यायला पाणी कोठे मिळेल, पाठ टेकायला जागा कोठे, उधार कोण देईल आणि आपल्या देवाचे नाव कोठे घेता येईल? राजस्थान-गुजरातेतून पिढ्यांपूर्वी निघून विदर्भ-मराठवाड्याच्या बाजारपेठांत स्थिरावलेल्या जैन कुटुंबांना हे प्रश्न पुस्तकातून शिकावे लागलेले नाहीत.

वेरूळची जैन लेणी आणि कचनेरचे चिंतामणी पार्श्वनाथ यांच्या दर्शनाला निघालेली अशी कुटुंबे ज्या शहरात मुक्काम करतात, ते छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. हे शहर मुळात एका परदेशी माणसाने वसवले, ही गोष्ट मात्र यात्रेच्या घाईत सहसा ध्यानात येत नाही. त्याचे नाव मलिक अंबर. तो आफ्रिकेतील हबश देशाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा.

मलिक अंबराचा जन्म 1548 च्या सुमाराचा. लहानपणी त्याचे नाव चापू होते. तो गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तानातील मोखा, पुढे बगदाद अशा बाजारांतून हातोहात फिरत अखेर दख्खनमध्ये येऊन पोहोचला. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य येते. द्विपद-चतुष्पद जीवांची खरेदी-विक्री करून द्रव्य मिळवू नये, असा त्याचा अर्थ. हा निषेध का करावा लागला, हे त्या काळचे समुद्रापलीकडचे बाजार डोळ्यांसमोर आणले म्हणजे कळते. तेथे माणूस हाच माल होता.

अहमदनगरच्या निजामशाहीत त्याला विकत घेणारा चंगेजखान हा राज्याचा पेशवा होता, आणि तोही एके काळी हबशी गुलामच होता. दख्खनमधील हबशी समाजाची रीत यावरून समजते. आधी आलेला माणूस मागून येणाऱ्याला आपल्या घरात ठेवी, घोडा आणि तलवार चालवण्यास शिकवी, राज्यकारभाराच्या कामात घाली. परक्या मुलखात नातलग नसलेल्या माणसाला धन्याचे घर हेच कुटुंब, तीच पाठशाळा आणि तीच पेढी. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. त्यानंतर त्याने स्वतःच्या बळावर फौज जमवली. 1600 मध्ये अकबराच्या सैन्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही बुडाली असेच सर्वांस वाटले. अंबराने दुसरा मुर्तजा निजामशहा याला गादीवर बसवून ती पुढे पाव शतक तगवली. आपली मुलगीही त्याने या निजामशहाला दिली होती. मायदेशी परतण्याची वाट उरलेली नव्हती. सोयरीक, शेती, मैत्री आणि मरण, सर्व काही याच मातीत होणार होते.

1610 मध्ये त्याने खडकी या गावी शहर वसवले. मराठा सरदार त्याच्या फौजेचा मोठा आधार होते. मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी यांच्या नावांनी शहराभोवती पुरे वसल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून 1612 मध्ये बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे.

परंतु दरवाजा आणि महाल उभारले म्हणून शहर नांदत नाही. खडकीची भूमी नावाप्रमाणेच खडकाळ, आणि हजारो माणसे, घोडे, बैल यांना पुरेल एवढे पाणी जवळ नाही. अंबराने उत्तरेकडील डोंगरउतारांवर जमिनीत मुरणारे पाणी हेरले. ते एकत्र करून भूमीखालून बांधीव पाटाने शहराकडे वळवले आणि पुढे खापरी नळांनी हौदांपर्यंत पोहोचवले. मोट नाही, रहाट नाही. केवळ जमिनीचा उतार अचूक साधून पाणी आपोआप वाहते केले. दाब मोकळा व्हावा आणि गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी बांधीव मनोरे आणि उच्छ्वास ठेवले. पाट जमिनीखाली असल्याने उन्हाळ्यात पाणी आटण्याचे भय कमी. 1617 च्या सुमारास तयार झालेली ही नहर ‘नहर-ए-अंबरी’ म्हणून ओळखली जाते. पाणी गाळून पिण्याचा आणि एक थेंबही वाया न घालवण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात पाणपोई घालणारा माणूस तहानलेल्याला गाव विचारत नाही. नहरीनेही विचारले नाही.

त्याच 1617 या वर्षी पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी अंबराला भेटला. चोरांना तेथे कडक शासन होते आणि सोने जवळ बाळगूनही वाटेने निर्धास्त जाता येते, असे त्याने लिहून ठेवले. मालाची ने-आण करणाऱ्याला वाट सुरक्षित असणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्यालाच ठाऊक. जमिनीची प्रतवारी आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याची अंबराची पद्धतही पुढे दीर्घकाळ मलिकंबरी धारा म्हणून स्मरणात राहिली.

अंबर 1626 मध्ये वारला. त्याचा पुत्र फत्तेखान याने शहराला फत्तेनगर असे नाव दिले, पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले आणि 2023 पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नावे पालटत गेली. पाणी त्याच वाटेने येत राहिले. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ हर्सूलकडून आणलेल्या दुसऱ्या नहरीच्या पाण्यावर पाणचक्की चालू झाली. तिच्यावर दळलेल्या पिठाच्या भाकरी फकिरांच्या आणि मुशाफिरांच्या मुखी पडत.

कोकणच्या किनाऱ्यावरही हाच समाज सिद्दी या नावाने स्थिरावला. मुरूड-जंजिऱ्याचा जलदुर्ग चहूबाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेला, पण आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. तेथील सिद्दींचे संस्थान 1948 पर्यंत टिकले. त्यांच्या जातभाईंपैकी काही आज गुजरातेत गीरच्या परिसरात आणि कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्याच्या रानांत राहतात. ते गुजराती, कोंकणी आणि कन्नड बोलतात. त्यांच्यापैकी सारेच सरदार झाले नाहीत. बहुतेकांचे पूर्वज विकले गेले, राबले आणि नाव मागे न ठेवता गेले. अंबराची कथा सांगताना त्यांचा विसर पडू नये.

आज संभाजीनगरची तहान जायकवाडीच्या जलाशयावर अवलंबून आहे आणि अनेक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही. त्याच वेळी चारशे वर्षांपूर्वीच्या नहरींचे पाट कोठे बांधकामाखाली दबले आहेत, कोठे गाळाने तुंबले आहेत. पूर्वजांनी बांधलेली धर्मशाळा पडू दिली तर समाजाला बोल लागतो. मग संपूर्ण शहराला पाणी पाजणारी नहर तुंबली तर तो बोल कोणाला लागावा? इतिहासाची आवड असलेले नागरिक आणि अभ्यासक तिची आठवण करून देतात. ती केवळ त्यांची जबाबदारी नाही. त्या शहरात दुकान, घर किंवा मुक्काम असणाऱ्या प्रत्येकाची आहे.

वेरूळची लेणी पाहून परतताना खुलताबाद लागते. तेथे दगडी घुमटाखाली मलिक अंबराची कबर आहे, आणि जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिची. यात्रेकरूंनी घटकाभर गाडी थांबवावी. बरोबरच्या मुलांना सांगावे की येथे झोपलेला माणूस पैशाला विकला गेला होता, आणि त्याने ज्या मुलखात पाय ठेवला तेथील लोकांना पाणी दिले. मुले विचारतील, तो आपला कोण होता? ज्यांचे पणजोबाही एके काळी परगावाहून येऊन पहिल्या रात्री कोणाच्या तरी ओसरीवर पाणी प्यायले होते, त्यांना उत्तर शोधायला दूर जावे लागणार नाही.