रानाचं देणं

साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. नत्र, स्फुरद, पालाश यांचा त्यात लवलेश नसतो. इथेनॉलमध्येही तेच तीन घटक. म्हणजे पोत्यातून आणि टँकरमधून कारखान्याबाहेर जे विकायला जातं, ते उसानं हवेतून आणि पाण्यातून कमावलेलं असतं. जमिनीतून त्यानं जे उचललं, ते चोथ्यात, गाळात, सांडपाण्यात आणि राखेत उरतं. साखर कारखान्यांची बॉयलर हाऊस आणि डिस्टिलरी यांतच माझं कामाचं आयुष्य गेलं. टाकाऊपासून ऊर्जा हा विषय निघाला की मला आधी हीच गोष्ट सांगावीशी वाटते.

पलूस तालुक्यातलं कुंडल या विषयासाठी अगदी योग्य गाव आहे. एके काळचं औंध संस्थानातलं, इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचं, कुस्तीच्या मोठ्या मैदानाचं. शेजारी किर्लोस्करवाडी, १९१० मध्ये ती माळावर उभी राहिली आणि पुढे तिथल्या पंपांनी गावोगावचं पाणी वर उचललं. कृष्णेचं पाणी उपसा योजनांनी आणि कालव्यांनी आलं, पाठोपाठ ऊस आला. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे फील्ड मार्शल क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना इथलाच. साखर, सहवीज आणि डिस्टिलरी एकाच आवारात, एकाच उसावर चालतात.

टनभर उसात जवळजवळ ७०० किलो पाणीच असतं. गाळप झाल्यावर २७० ते ३०० किलो बगॅस म्हणजे चोथा, ३५ ते ४० किलो प्रेसमड म्हणजे रसातला गाळ आणि ४० ते ४५ किलो मोलॅसिस हाती येतं. यातल्या बगॅसचं नाव लोकांना ठाऊक असतं, कारण वीज त्याच्यापासून होते. पण त्यातही निम्मं पाणी असतं, आणि आमची सगळी लढाई त्या पाण्याशी. पूर्ण वाळलेल्या किलोभर बगॅसमधून सव्वाचार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. पन्नास टक्के ओलाव्याच्या बगॅसमधून कामाला येणारी उष्णता जेमतेम अठराशे. ओलावा पन्नासवरून अठ्ठेचाळीसवर आणला तर किलोमागे शंभरेक किलोकॅलरी वाढतात, म्हणजे दर किलोला पाच टक्के जास्त उष्णता.

इथेच केमिस्ट आणि बॉयलरवाला यांचं रोजचं भांडण असतं. चोथ्यातली उरलीसुरली साखर निघावी म्हणून शेवटच्या गिरणीवर गरम पाणी मारतात. केमिस्टला ते जास्त हवं, बॉयलरला कमी. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. गिरणीचे रोलर नीट राखले, त्यांचा दाब योग्य ठेवला, तर दोघांचंही भागतं. म्हणून नवा टर्बाइन घेण्याआधी रोलरकडे बघा, असं मी नेहमी सांगत आलो.

सहवीजनिर्मितीचं खरं बळ टर्बाइनच्या पुढे दिसतं. औष्णिक केंद्रात टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेची बरीचशी उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडून द्यावी लागते. साखर कारखान्यात तीच वाफ पुढे रस आटवायला जाते. एकाच वाफेनं वीजही होते आणि साखरही. बॉयलरचा दाब पूर्वी चौरस सेंटिमीटरला ४५ किलोच्या आत असायचा. तो ६७, ८७, ११० किलोपर्यंत गेला आणि टनभर उसामागे शंभराच्या वर युनिट मिळू लागली. स्वतःची गरज भागवून उरलेली वीज ग्रीडला जाते. रस आटवताना निघालेल्या वाफेचं पाणी थंड करून पुन्हा वापरता येतं. ते नीट सांभाळणाऱ्या कारखान्याला हंगामात नदीचं पाणी फारच थोडं लागतं.

एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, “सायेब, आमच्या रानातनं सगळं न्हेताय, परत काय देताय?” रसायनशास्त्राच्या दृष्टीनंही हा प्रश्न अचूक आहे.

स्फुरद बहुतेक प्रेसमडमध्ये सापडतो. रस स्वच्छ करताना चुना घालतात, त्याच्याबरोबर तो खाली बसतो. पालाश रसाबरोबर पुढे जातो, मोलॅसिसमध्ये साठतो आणि डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये, उतरतो. लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश निघतो. तपकिरी, आम्लधर्मी, उग्र वासाचा. ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. शेतात तसाच ओतला तर क्षार साचतात. आधीच क्षारपड झालेल्या कृष्णाकाठच्या काळ्या जमिनींना तो घाव सोसत नाही. म्हणून द्रवाचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट डिस्टिलऱ्यांवर आली आणि ती योग्यच आहे.

बंद टाक्यांमधले जिवाणू त्याच स्पेंटवॉशपासून साठेक टक्के मिथेन असलेला बायोगॅस देतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढावाच लागतो, नाहीतर इंजिन आणि नळ गंजतात. उरलेला द्रव आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात. जी राख उरते, तिच्यात पालाश असतो. त्यापासून १४.५ टक्के पालाश असलेलं खत बनवून विकायला सरकारची मान्यता आहे. आपला देश पालाशसाठी जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून असताना, ही राख खड्डे बुजवायला जाणं मला सहन होत नाही.

प्रेसमडची कथा वेगळी. वर्षानुवर्षं त्याचे ढीग उघड्यावर पडून राहिले, तापले, कुजले, आणि त्यातला मिथेन हवेत गेला. २०१८ मध्ये केंद्रानं ‘सतत’ योजना आणल्यावर त्यापासून बायो-सीएनजी करण्याचा विचार वाढला. साधारण २५ टन प्रेसमडला टनभर गॅस मिळतो. गॅसमध्ये कार्बन आणि हायड्रोजनच जातो. स्फुरद मागे उरलेल्या लगद्यात राहतो आणि तो लगदा शेताला मिळालाच पाहिजे. प्रेसमड कारखान्याबाहेर विकताना करारात एवढी एक अट घालायला काय हरकत आहे?

पाचटाबाबत मात्र मी माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतो. एकरी तीन-चार टन वाळलं पाचट गाठी बांधून बॉयलरला आणावं, असा हिशोब अनेक जण मांडतात. कागदावर तो आकर्षक दिसतो. पण पाचटात पालाश आहे, सेंद्रिय कर्ब आहे. सरीत आच्छादन केलं तर पाण्याची बचत होते. शिवाय पाचटाच्या राखेतले क्षार बॉयलरच्या नळ्यांवर चिकटतात. शेतात पेटवणं वाईटच, पण भट्टीपर्यंत ओढून आणणंही शहाणपणाचं नाही. पाचट सरीतच राहू द्या, त्याच्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू संवर्धक टाका.

दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतात आणि सभासदांच्या हाती वार्षिक अहवाल पडतो. गाळप, उतारा, युनिट, लिटर, सगळे आकडे त्यात असतात. माझी मागणी एका तक्त्याची आहे: गेल्या हंगामात उसाबरोबर किती स्फुरद आणि पालाश कारखान्यात आला, त्यातला किती खत होऊन परत गेला, आणि कोणकोणत्या गावांना.