मास्ट आहे, मस्त नाही!

शनिवारची रात्र. मैत्रिणीच्या घरी आमचा सातजणांचा अड्डा आणि काकूंच्या हातचं कोळंबीचं कालवण. वीकेंडला आणखी काय हवं?

दुसऱ्याच घासाला ओठांना मुंग्या आल्या. तिखट असेल म्हणून पाणी प्यायले. पाच मिनिटांत हातांवर गांध्या उठल्या. दोन महिन्यांपूर्वी अलिबागलाही असंच झालं होतं. तेव्हा एक सेट्रिझिन घेतली, झोपले, विषय संपला. याही वेळी पर्समधून गोळी काढली आणि सगळ्यांना सांगितलं, "टेन्शन नका घेऊ यार, माझं नेहमीचंच आहे."

पण आवाज घोगरा झाला. श्वासाबरोबर शिट्टी वाजायला लागली. काकू ओरडल्या, "अरे बघत काय बसलात? आधी डॉक्टरकडे न्या हिला!"

कॅज्युअल्टीत पोचताच मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन बसलं. श्वास जरा सुटल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर, पण मी लहानपणापासून कोळंबी खातेय!"

त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच."

त्या एका शब्दानं माझ्यातली जर्नालिस्ट जागी झाली. घरी आल्यावर वाचत सुटले.

आपल्या त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यांच्या अस्तरात मास्ट पेशी ठाण मांडून असतात. पॉल एर्लिक या जर्मन विद्यार्थ्यानं १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता! रंग टाकल्यावर त्याला पेशीत ठासून भरलेले दाणे दिसले. ही पेशी खाऊन खाऊन माजलीय, असं त्याला वाटलं. जनावरं पोसून लठ्ठ करण्याला जर्मनमध्ये 'मास्ट' म्हणतात, तेच नाव पडलं. गंमत म्हणजे ते दाणे खाणं नव्हतंच. तो होता बाहेर फेकण्यासाठी जमवलेला साठा.

प्रत्येक दाणा म्हणजे एक चिमुकली पिशवी. आत हिस्टामिन, हेपॅरिन, ट्रिप्टेज नावाचं एन्झाइम. हिस्टामिन तिथं हेपॅरिनला बांधलेलं असतं, त्यामुळे आत असेपर्यंत गप्प.

आता कोळंबी. तिच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रोटीन माझ्या शरीराला कधीतरी शत्रू वाटलं. त्याच्याविरुद्ध आयजीई अँटिबॉडीज तयार झाल्या आणि मास्ट पेशींवर जाऊन बसल्या. त्या दिवशी मला काहीच कळलं नाही. ना खाज, ना शिंक. तयारी मात्र पूर्ण! नंतर कधीतरी तेच प्रोटीन परत आलं, त्यानं शेजारशेजारच्या अँटिबॉडीजना एकदम पकडलं, पेशीत कॅल्शियम वाढलं, पिशव्या पेशीच्या कडेला येऊन उघडल्या आणि माल बाहेर. यात नवं काही बनवायचं नसतं, म्हणून तर सगळं मिनिटांत होतं. हिस्टामिननं रक्तवाहिन्या पाझरतात, म्हणून सूज. नसा चाळवतात, म्हणून खाज. श्वासनलिका आवळते, म्हणून ती शिट्टी. मागोमाग पेशी ल्युकोट्राइनसारखी ताजी रसायनंही बनवायला घेते. त्रास काही तासांनी उलटू शकतो तो असा. मला रात्रभर थांबवून ठेवलं होतं ते उगाच नाही.

आणि माझी लाडकी सेट्रिझिन? ती पिशव्या बंद करत नाही. हिस्टामिन जिथं जाऊन बसतं त्या जागा ती फक्त अडवते. खाज, गांध्या कमी होतात, पण आवळलेला श्वास आणि घसरणारं बीपी तिच्या आवाक्यातलं नाही. ते काम अ‍ॅड्रेनलिनचं. अलिबागला गोळीनं मला बरं केलं असं मी समजत होते. खरं तर तेव्हा फक्त नशीब चांगलं होतं.

सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. माल टाकल्यावर मास्ट पेशी सहसा मरत नाहीत. त्या पिशव्या पुन्हा भरायला घेतात. म्हणजे 'एकदा होऊन गेलं' असं यात काही नसतं.

आता माझ्या पर्समध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेलं अ‍ॅड्रेनलिन असतं. ते मांडीत कसं टोचायचं हे रूममेटलाही शिकवलंय. हॉटेलात ऑर्डर देण्याआधी मी वेटरला चार प्रश्न विचारते, मित्र वैतागतात, वैतागू देत. तुमच्याही पर्समध्ये अशी 'नेहमीची' गोळी असेल, तर एकदा डॉक्टरांशी बोलून घ्या.

अड्डा अजून जमतो. काकू माझ्यासाठी बटाट्याची भाजी करतात. वेगळ्या कढईत.